पुरावा काय? – ‘ब्योमकेश बक्षी’ या मालिकेच्या निमित्ताने



टीव्हीविषयी या स्तंभातून आम्ही लिहितो ते बहुतेक वेळा रागानेच लिहितो. सासू-सुनांची कारस्थाने, इच्छाधारी नागिणी, बुवा-बाबांचे चमत्कार यांनी आपल्या माय-बहिणींच्या संध्याकाळी गिळून टाकल्या आहेत, ही आमची तक्रार आजही कायम आहे. पण वाईटाला वाईट म्हणणाऱ्याने चांगल्याला चांगले म्हणण्याची दानतही ठेवली पाहिजे. म्हणून आज एका जुन्या, थोडेच दिवस चाललेल्या मालिकेचे कौतुक करायला बसलो आहोत. मालिका खुनांची आहे, हे ऐकून काही ज्येष्ठ उपासक कपाळाला आठ्या घालतील. त्यांनी कृपया शेवटपर्यंत वाचावे.

१९९३ साली दूरदर्शनवर ‘ब्योमकेश बक्षी’ सुरू झाली. दिग्दर्शक बासू चटर्जी. ब्योमकेशच्या भूमिकेत रजित कपूर, त्याचा मित्र अजित म्हणजे के. के. रैना आणि पत्नी सत्यवतीच्या भूमिकेत आपल्या मराठी सुकन्या कुलकर्णी. पहिला हप्ता लवकरच संपला. मग थेट १९९७ साली दुसरा हप्ता आला आणि तोही संपला. दोन्ही मिळून भाग भरले अवघे ३४. पुढे १९९८ साली सुरू झालेली ‘सीआयडी’ २०१८ पर्यंत चालली आणि तिचे दीड हजारांवर भाग झाले. त्या हिशेबाने ब्योमकेशचे आयुष्य फारच थोडे म्हणायचे. पण २०२० साली टाळेबंदीत दूरदर्शनने जुन्या मालिका पुन्हा दाखवल्या, तेव्हा त्यांत ब्योमकेशही होता. आपल्या वस्त्यांतली पंचवीस-तीस वर्षांची माणसे कामधंदा बंद पडून घरात बसली होती. त्यांनीही ती मालिका मन लावून पाहिली. थोड्या आयुष्यातही काम पक्के असले की ते टिकते, हे यावरून दिसते.

१९९३ साली आम्ही शाळेत होतो. आपले शहर तेव्हा औरंगाबाद होते, आज ते छत्रपती संभाजीनगर आहे. वस्तीत प्रत्येकाच्या घरी टीव्ही नव्हता. ज्यांच्याकडे होता त्यांच्या उंबऱ्यात, ओट्यावर, खिडकीशी माणसे बसत. दुसऱ्या दिवशी गुलमंडीवर हातगाडीवाल्यांपासून कापड दुकानातल्या नोकरांपर्यंत सगळे खुनी कोण यावर वाद घालत. गुलमंडी म्हणजे आपल्या शहराचा कान. इथे सकाळी कुजबुजलेली गोष्ट पैठण गेटवर जाईपर्यंत दुप्पट होते आणि क्रांती चौकात पोहोचेपर्यंत खरी ठरते! अशा या अफवांच्या बाजारात ‘अहो, पण पुरावा काय?’ हा प्रश्न त्या दिवसांत पोरासोरांच्या तोंडी बसला, त्याचे थोडे श्रेय आम्ही या मालिकेला देतो.

मूळ कथा बंगालीतल्या. लेखक शरदिंदू बंद्योपाध्याय. त्यांचा आपल्या महाराष्ट्राशी जुना संबंध आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ब्योमकेशच्या कथा त्यांनी १९३२ साली लिहायला घेतल्या. १९३८ साली ते बॉम्बे टॉकीजसाठी चित्रपटकथा लिहायला मुंबईस आले. पुढे १९५२ साली चित्रपटाचा धंदा सोडून ते पुण्यात स्थायिक झाले. ब्योमकेशच्या पुष्कळशा कथा त्यांनी पुण्यात बसूनच लिहिल्या. १९७० साली त्यांचे निधन झाले, तेव्हा ३२ कथा पूर्ण होत्या आणि एक अपुरी राहिली होती. कथा कलकत्त्याच्या, पण शाई पुण्याची, असे म्हणायला हरकत नाही.

दिग्दर्शक बासू चटर्जी हेही साध्या माणसांचे दिग्दर्शक. चित्रपटांत येण्यापूर्वी मुंबईच्या ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकात ते वर्षानुवर्षे व्यंगचित्रे काढत. प्रिया तेंडुलकरांची ‘रजनी’ आठवते ना? अन्याय दिसला की पदर खोचून जाब विचारणारी ती गृहिणी त्यांनीच १९८५ साली घरोघरी पोहोचवली. रजनी आणि ब्योमकेश ही आम्हांला भावंडेच वाटतात. रजनी विचारते, ‘असे का?’ आणि ब्योमकेश विचारतो, ‘हे कशावरून?’ दोघांच्याही हातात शस्त्र म्हणून काय आहे, तर हा एक प्रश्न.

आता मालिकेचे गुण सांगतो. पहिला गुण म्हणजे साधेपणा. ब्योमकेश धोतर नेसतो, चहा पितो, वर्तमानपत्र बारकाईने वाचतो. मोटारींची पळापळ नाही, काचा फुटत नाहीत, रक्ताचे पाट वाहत नाहीत. खून झालेला असतो, पण तो चवीने दाखवलेला नसतो. दाखवलेला असतो तो विचार. माणूस विचार करताना पाहणे ही टीव्हीवर किती दुर्मीळ गोष्ट आहे! आज काही वाहिन्यांवर गुन्ह्याच्या ज्या मालिका चालतात त्यांत बाईवर झालेला अत्याचार तिखट-मीठ लावून दाखवतात. मुलांदेखत तो पाहताना आईला मान खाली घालावी लागते. ब्योमकेश पाहताना ती वेळ आमच्या घरात कधी आली नाही.

दुसरा गुण म्हणजे रोजच्या वस्तूंकडे पाहण्याची नजर. ‘रास्ते का काँटा’ हा भाग घ्या. भर रस्त्यात चालती माणसे छातीवर हात दाबून कोसळतात. बंदुकीचा आवाज नाही, कोणी जवळ आलेले नाही. छातीत सापडते ती ग्रामोफोनची पिन. मग ती आली कुठून? उत्तर आम्ही सांगत नाही, पण ज्यांच्या घरी सायकल होती ती आम्ही पोरे तो भाग पाहिल्यावर कित्येक दिवस घंटीला बोट लावताना एकमेकांकडे बघून हसत असू. ‘मकडी का रस’ या भागात तर एका म्हाताऱ्याला बंद घरात नशेची वस्तू मिळते कशी, हे कोडे आहे. घरचे लोक डोळ्यांत तेल घालून पाळत ठेवतात, तरी काही कळत नाही. ब्योमकेश दुसऱ्या कामात गुंतलेला. तो अजितला पाठवतो आणि अजितने जे पाहिले ते ऐकून बसल्या जागी उत्तर काढतो. वस्तू सगळ्यांच्या डोळ्यांसमोरच होती. आमच्यासारख्या कारकुनाला तर ती अगदी टेबलावरचीच ओळखीची निघाली.

तिसरा गुण आम्हांला सर्वांत मोलाचा वाटतो. ब्योमकेशला ‘डिटेक्टिव्ह’ हा शब्द आवडत नाही. तो स्वतःला ‘सत्यान्वेषी’ म्हणवतो, म्हणजे सत्याचा शोध घेणारा. सत्यवतीचीच हकिगत पाहा. तिच्या घरात खून होतो आणि संशय तिच्या भावावर येतो. पोलीस त्याला धरून मोकळे होतात. घरातला कोणी, भांडण झालेले, कारण मिळाले, झाले काम! ती मुलगी एकटी धीराने ब्योमकेशपुढे उभी राहते आणि भाऊ निर्दोष आहे म्हणून सांगते. ब्योमकेश तिच्या अश्रूंवर विसंबत नाही आणि पोलिसांच्या घाईवरही विसंबत नाही. तो पुन्हा पहिल्यापासून पाहू लागतो. आपल्या वस्तीत चोरी झाली, मारामारी झाली की आधी कोणाच्या पोराला उचलतात हे आम्ही सांगायला नको. पकडलेला आणि गुन्हा केलेला हे दोघे वेगळे असू शकतात, हे ती गोष्ट घराघरात सांगून गेली.

रहस्यकथेचे वेड आपल्या कष्टकरी माणसाला नवे नाही. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि छोटू ही नावे आपल्या आजोबांच्या पिढीला पाठ होती. शाळा अर्धवट सुटलेली कित्येक माणसे ती पातळ पुस्तके वाचता वाचता वाचायला शिकली आणि पुढे चळवळीची पत्रके वाचू लागली. म्हणून या वाङ्मयाला नाक मुरडणाऱ्यांच्या पंक्तीत आम्ही बसत नाही.

पण कौतुक आंधळे नसावे. ब्योमकेशचे जग हे कलकत्त्याच्या शिकल्या-सवरल्या बाबू लोकांचे जग आहे. मृत्युपत्रे, दागिने, जमीनदारी यांवरून तिथे खून होतात. घरातला नोकर पुंटीराम चहा घेऊन येतो आणि निघून जातो. त्याचे गाव कोणते, घरी कोण आहे, तो लिहितो-वाचतो का, हे कधी कळत नाही. आपल्यासारखी माणसे त्या जगात दार उघडायला आणि चहा द्यायलाच आहेत. ब्योमकेशसारखा चाणाक्ष माणूस सगळ्यांकडे पाहतो, पण पुंटीरामकडे त्याचे लक्ष जात नाही. ही उणीव आपण पाहताना ध्यानात ठेवावी. मुलांनाही ती दाखवून द्यावी.

आता ज्येष्ठ उपासकांच्या आठ्यांकडे वळतो. खुनाचा तपास ही गोष्ट आपल्या धम्मवाङ्मयाला परकी आहे काय? मुळीच नाही. सुंदरीची कथा आठवा. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथातही ती घेतली आहे. तथागतांचा वाढता मान ज्यांना सहन होत नव्हता अशा काही तीर्थिकांनी सुंदरी नावाच्या परिव्राजिकेला जेतवनात येण्या-जाण्यास लावले. लोकांनी तिला तिथे पाहिले पाहिजे, हा त्यांचा डाव. मग मारेकऱ्यांना पैसे देऊन तिचा खून करविला, प्रेत जेतवनाजवळच टाकले आणि बोंब ठोकली की हे शाक्यपुत्र श्रमणांचे कृत्य! श्रावस्तीत भिक्खूंना शिव्याशाप मिळू लागले. भगवंतांनी भिक्खूंना सांगितले की हा गलबला सात दिवसांपलीकडे टिकणार नाही. आणि झालेही तसेच. खुनाचे पैसे घेऊन मारेकरी दारूच्या गुत्त्यावर गेले, पिता पिता वाटणीवरून भांडले आणि त्या भांडणात एकाने दुसऱ्याचे नाव उघड केले. राजाच्या माणसांनी त्यांना धरले, तेव्हा मूळ सूत्रधारांपर्यंत धागा पोहोचला.

एखाद्या रहस्यकथेत असावे ते सगळे या हकिगतीत आहे. खोटा पुरावा पेरणे आहे, अफवा आहे, भाडोत्री मारेकरी आहेत आणि शेवटी गुन्ह्याला फुटलेली वाचाही आहे. पंचशील डोळ्यांसमोर ठेवून ही कथा वाचा. पहिले शील मोडले तेव्हा खून झाला. तो लपवायला चौथे शील मोडून खोटे बोलावे लागले. आणि पाचवे शील मोडले तेव्हा गुन्हेगार सापडले. ब्योमकेशचा कोणताही भाग याच कसोटीवर लावून पाहा. दुसऱ्याच्या मालमत्तेचा लोभ, व्यभिचार, नशा, खोटे आणि हत्या यांच्या बाहेरचे कारण तिथे क्वचितच सापडेल. मुलांना पंचशील पाठ करवून घेतो, तसे ते उलगडून दाखवायचे असेल तर याहून सोपा धडा मिळणार नाही.

प्रश्न विचारण्याची परंपरा तर आपल्या शहराच्या नावानिशी जोडलेली आहे. बाबासाहेबांनी १९५० साली इथे महाविद्यालय सुरू केले. पुढे त्याचे नाव ‘मिलिंद’ आणि परिसराचे नाव ‘नागसेनवन’ झाले. राजा मिलिंद कोण? तर भदंत नागसेनांना प्रश्नांवर प्रश्न विचारणारा. त्यांच्या संवादात आंब्याच्या चोराचा दाखला आहे. चोर म्हणतो, मालकाने जमिनीत लावला तो आंबा वेगळा आणि मी तोडला तो वेगळा, मग मी चोर कसा? नागसेन सांगतात, लावलेल्या आंब्यापासूनच हा आंबा आला, म्हणून चोर सुटू शकत नाही. कारण आणि कार्य यांची साखळी सोडवायची नाही, हा तपासाचा पाया दोन हजार वर्षांपूर्वीच्या संवादात पक्का बसलेला आहे. कालाम लोकांनाही भगवंतांनी हेच सांगितले. ऐकीव आहे, परंपरेने आले आहे, ग्रंथात आहे, गुरू सांगतात, एवढ्यावरून काहीही मानू नका. स्वतः पारखून घ्या.

इथवर आल्यावर मनात जो काटा सलतो तो सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. मालिकेत खुनी सापडतो. आपल्या आयुष्यात काय होते? २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यात खैरलांजी येथे भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. पहिले शवविच्छेदन इतके अपुरे झाले की प्रेते उकरून ते पुन्हा करावे लागले. गेलेला पुरावा परत येतो का? २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली. २०१० साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती फाशी २५ वर्षांच्या कारावासावर आणली. दोन्ही न्यायालयांत ॲट्रॉसिटी कायद्याखालचा गुन्हा सिद्ध धरला गेला नाही. न्यायाची वाट पाहत भैयालाल भोतमांगे २०१७ साली गेले. आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यात, खर्डा येथे, एप्रिल २०१४ मध्ये शाळेत शिकणाऱ्या आपल्या एका पोराचा खून झाला. नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्व आरोपी निर्दोष सुटले, कारण साक्षीदार एकामागून एक फितूर झाले.

खर्ड्याच्या प्रकरणात ब्योमकेशची बुद्धी लावून कोडे सोडवायचे नव्हते. गावाला ठाऊक होते त्याची कोर्टात उभे राहून साक्ष द्यायची होती. मालिकेत सत्य लपलेले असते आणि ते शोधून काढावे लागते. आपल्याकडे ते पुष्कळदा उघड्यावर पडलेले असते, पण ते उचलून न्यायाधीशापुढे ठेवणारे हात कापतात. भीती, उधारी, शेतावरची मजुरी, गावकीचा बहिष्कार ही त्याची कारणे आहेत. ती आम्हांला कळतात. मुंबई-पुण्यात बसून खेड्यातल्या साक्षीदाराला भेकड म्हणणे सोपे आहे. त्याची रोजी बुडाली तर त्याच्या चुलीची सोय कोण करणार, हे समाजाने आधी ठरवले पाहिजे.

म्हणून मालिका पाहून उठताना चार गोष्टी घरातल्या प्रत्येकाने गाठीशी बांधाव्यात. एक, गुन्ह्याची खबर दिली की एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. ती वाचून घ्या, नावे, वेळ आणि ठिकाण बरोबर आहे का पाहा, मगच सही करा. दोन, घटनेची जागा पंचनामा होईपर्यंत कोणी तुडवू नये. रागाच्या भरात गर्दी आत शिरते आणि आपल्याच बाजूचा पुरावा आपल्याच पायांखाली जातो. तीन, ॲट्रॉसिटीच्या गुन्ह्याचा तपास पोलीस उपअधीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्याने करायचा नसतो, असे १९९५ चे नियम सांगतात. तो कोण करतो आहे, हे विचारा. चार, २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने या कायद्यात १५-अ हे कलम आले आहे. त्यात पीडितांना आणि साक्षीदारांना संरक्षण मागण्याचा हक्क लिहून दिला आहे. हक्क कागदावर आहे. अर्ज आपल्याला लिहावा लागेल.

जाता जाता एक सूचना. रविवारी विहारात वंदना झाल्यावर मुले घरी पळायला बघतात. महिन्यातून एकदा त्यांना थांबवा. या मालिकेचे भाग आता मोबाईलवरही पाहता येतात. एक भाग लावा आणि शेवटची दहा मिनिटे उरली की बंद करा. मग एकेकाला विचारा, ‘खुनी कोण?’ जो नाव सांगेल त्याला विचारा, ‘कशावरून?’ ‘मला वाटते’ हे उत्तर घेऊ नका. ‘त्याचा चेहराच तसा आहे’ हे तर मुळीच घेऊ नका, कारण चेहऱ्यावरून माणूस ठरवण्याचे दुःख आपल्याइतके कोणी भोगलेले नाही. मुलीही बोलतील असे पाहा. सत्यवती घराबाहेर पडली नसती तर तिचा भाऊ सुटला नसता. सगळ्यांचे बोलून झाले की उरलेला भाग लावा.

या मुलांतली एखादी उद्या वकील होईल, एखादा फौजदार होईल, कोणी डॉक्टर होऊन शवविच्छेदनाच्या टेबलाशी उभा राहील. आणि ज्यांना यांतले काहीच होता आले नाही ते निदान साक्षीच्या पिंजऱ्यात ताठ उभे राहतील. ३४ भागांच्या एका जुन्या मालिकेकडून एवढे मिळाले तरी पुष्कळ झाले.

नमो बुद्धाय! जय भीम!